अल्बमवरचं गाणं स्टेजवर वेगळं का वाजतं, आणि ‘लाइव्ह’ अल्बम कितपत लाइव्ह असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एखाद्या रॉक बँडचा अल्बम ऐकून ऐकून पाठ झालेला असतो, आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाला गेल्यावर तीच गाणी उरकल्यासारखी, गढूळ, मधूनच बेसूर वाटतात. मग बँड मुळात कच्चा आणि अल्बम म्हणजे स्टुडिओतली हातचलाखी, असं समजायचं का? आणि तसं असेल तर काही गाण्यांची लाइव्ह आवृत्ती मूळ गाण्याच्या वरताण कशी काय होते?

मी साउंड इंजिनिअर म्हणून दोन्हीकडे काम करत आलो आहे. कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मधोमध मांडलेल्या मिक्सरवर, आणि स्टुडिओत काचेच्या अलीकडे. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्टुडिओ खोटा आणि स्टेज खरं, ही वाटणीच मला पटत नाही. दोन्हीकडे तेच निर्णय घ्यावे लागतात, फक्त वेळ वेगळी असते. स्टुडिओत गिटार किती मोठी हवी हे वाजवून झाल्यावर तीन आठवड्यांनी ठरवलं तरी चालतं. गायकाची पहिली ओळ एका टेकमधून, म्हणजे एका वेळच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगमधून, आणि दुसरी ओळ चौथ्या टेकमधून उचलता येते. स्टेजवर जे काय ठरवायचं ते त्या क्षणी, आणि एकदा ठरलं की ते परत घेता येत नाही. बाकीचं सगळं यातून निघतं.

आधी गढूळपणाचं बघू, कारण सर्वांत जास्त तक्रार त्याचीच असते आणि त्यात बँडचा दोष बहुधा सर्वांत कमी असतो.

स्टुडिओत किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, माइक ड्रमच्या पोटात किंवा अगदी तोंडाशी असतो. ठोका पडतो, संपतो, पुढच्या ठोक्यापर्यंत जागा मोकळी असते. मोठ्या बंदिस्त सभागृहात तोच ठोका स्पीकरमधून निघून मागच्या भिंतीवर आणि छतावर आपटून परत येतो. पडदे, खुर्च्या आणि माणसांची गर्दी वरचे सूर बऱ्यापैकी शोषून घेते, पण शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याखालचा आवाज कोणाला जुमानत नाही, तो घुमतच राहतो. बास गिटारचा एक सूर विरायच्या आत दुसरा येऊन त्याच्यावर बसतो. संथ गाण्यात हे भरदार वाटतं. ड्रमर दोन्ही पायांनी किक बडवत असेल तर मात्र तुमच्यापर्यंत ठोके पोचतच नाहीत, नुसती घरघर पोचते. अशा जागी शहाणा इंजिनिअर बास चढवत नाही, उतरवतो, आणि किकच्या आवाजातला वरचा ‘टक्’ पुढे आणतो. मग मध्यंतरात कोणीतरी येऊन सांगतं, बास जरा कमी पडतोय. हे ऐकून घ्यायची सवय लागते.

तुम्ही उभे कुठे आहात यानेही चित्र पालटतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला स्टेजवरचा ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मोठ्या मैदानात मागच्या प्रेक्षकांसाठी मध्ये वेगळे स्पीकर लावलेले असतात. त्यांना मुद्दाम तेवढाच उशीर लावावा लागतो. नाहीतर जवळच्या स्पीकरमधून ठोका आधी येतो, स्टेजवरून तोच ठोका मागाहून येतो, आणि ड्रमर अडखळतोय असं वाटतं. बिचारा बरोबर वाजवत असतो.

छोट्या जागेत गणित उलटं. तिथे ड्रमला माइक लावायचीही गरज नसते आणि गिटारवाल्याने अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, आपल्या मनासारखा चढवलेला असतो. मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायच्या वीस सरकत्या दांड्या (फेडर) असल्या तरी प्रत्यक्षात माझ्या हातात एकटा गायक उरतो. त्याला ड्रमच्या वर आणायला जाल तर स्पीकरचा आवाज परत त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि फीडबॅकची शिट्टी वाजते. छोट्या क्लबमध्ये शब्द कळत नाहीत ते यामुळे. स्टेजवरचा आवाज कमी करणं हाच त्यावर उपाय, आणि गिटारवाल्याला ‘अँप जरा कमी कर’ म्हणणं हे या धंद्यातलं सर्वांत नाजूक संभाषण आहे. अँपची तोंडं प्रेक्षकांकडून वळवून वाजवणाऱ्याच्या कानाकडे करायची, म्हणजे तो आपणहून कमी करतो. ही युक्ती बहुतेक वेळा चालते.

कानाचाही एक स्वभाव आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज लहान असताना आपल्याला खालचे सूर त्यांच्या खऱ्या मानाने कमी ऐकू येतात, आणि आवाज चढत गेला की ते पुढे येतात. घरी बेताच्या आवाजात ऐकलेल्या अल्बमचा तोल आणि शंभर डेसिबलला ऐकलेल्या त्याच गाण्याचा तोल कानाला एकसारखा वाटणं शक्यच नाही, दोन्ही मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांची जुळवणी, अगदी तंतोतंत एक असले तरीही.

आता बेसूरपणा. गायक स्टेजवर सूर सोडतो तेव्हा गळ्यापेक्षा आधी मी त्याच्या मॉनिटरकडे, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरकडे, बघतो. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला गळा बऱ्याचदा सुराच्या वर सरकतो. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स पंचावन्न हजारांहून जास्त लोकांसमोर वाजले. हाताशी होते व्हॉक्सचे शंभर वॅटचे अँप आणि गाण्यासाठी स्टेडियमची स्वतःची ध्वनियंत्रणा. वाजवणाऱ्याकडे तोंड केलेले मॉनिटर तेव्हा प्रचारातच नव्हते. किंकाळ्यांच्या त्या गदारोळात चौघं एकत्र राहिले हेच मोठं. त्या कार्यक्रमाच्या चित्रफितीसाठी नंतर, जानेवारी १९६६ मध्ये, लंडनच्या एका स्टुडिओत काही भाग पुन्हा वाजवून घ्यावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमधल्या कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे करणं कायमचं बंद केलं.

या अडचणीवर ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९७४ मध्ये काढलेला तोडगा मला अजूनही विलक्षण वाटतो. त्यांनी सहाशेच्या आसपास स्पीकरची भिंतच बँडच्या पाठीमागे उभी केली, म्हणजे प्रेक्षकांना जे ऐकू येतं तेच वाजवणाऱ्यांनाही. पण स्पीकर माइकच्या मागे म्हटल्यावर शिट्टी ठरलेली. म्हणून प्रत्येक गायकासमोर दोन माइक, उलट्या फेजमध्ये जोडलेले, आणि गायचं फक्त एकात. दोन्ही माइकमध्ये सारखा शिरणारा भिंतीचा आवाज आपसात कटतो, गायकाचा तेवढा उरतो. डोकं जबरदस्त, पण गाण्याचा आवाज त्यात थोडा पातळ व्हायचा, आणि ते प्रचंड लटांबर गावोगाव हलवण्याचा खर्च काही परवडला नाही. आता कानात बसणारे मॉनिटर आले आहेत. सूर सुधारले, पण वाजवणाऱ्याचा प्रेक्षकांशी असलेला धागा थोडा तुटला. काही गायक मधूनच एका कानातला मॉनिटर काढून टाकतात ते त्याचसाठी.

आणखी एक गोष्ट सरसकट बेसूरपणात धरली जाते. बरेच बँड स्टेजवर वाद्यं अर्धा सूर खाली लावतात. अल्बमसाठी वरचा सूर एकदाच लावायचा असतो, दौऱ्यात तो रोज लावायचा असतो. कानात मूळ पट्टी बसलेली असेल तर पहिल्या गाण्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. तिसऱ्या गाण्यापर्यंत कान रुळतो.

लय वाढते, हे मात्र खरं. प्रेक्षकांसमोर रक्त उसळतं आणि ड्रमरचा हात पुढे धावतो. रमोन्सनी १९७७ च्या शेवटच्या रात्री लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये तासाभराच्या आत २८ गाणी वाजवली. तिथे वेग हाच त्या संगीताचा प्राण आहे, त्यामुळे कोणाची तक्रार नाही. पण ज्या गाण्याचा डौल ठोका किंचित मागे ओढण्यात आहे, ते पाच टक्के जलद झालं तरी त्याची मजा जाते. या बाबतीत मी ड्रमरची बाजू घेणार नाही; इथे दोष त्याचाच.

स्टुडिओला हातचलाखी म्हणण्याबद्दल. लेड झेपलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, घ्या. त्यातला ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या दिवाणखान्याबाहेर, उंच जिन्याच्या तळाशी मांडला होता आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यावरून सोडले होते. तो अजस्र आवाज म्हणजे एक ड्रमर अधिक एक जिना. जिना दौऱ्यावर नेता येत नाही. त्यांनी ते गाणं स्टेजवर मोजक्याच वेळा वाजवलं, आणि ते योग्यच केलं असं मला वाटतं. क्वीनसमोर तोच प्रश्न ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या मधल्या ऑपेरासारख्या भागाचा होता. आवाजावर आवाज चढवून रचलेला तो भाग चार माणसं कशी गाणार? ते स्टेज सोडून आत जायचे, तेवढा भाग टेपवर वाजायचा, आणि पुढचा रॉकचा भाग सुरू होताना चौघं धडाक्यात परत यायचे. यात मला अप्रामाणिक काही दिसत नाही. टेप वाजतेय हे लपवलेलंच नव्हतं.

द हू या बँडनेही १९७१ पासून ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये सिंथेसायझरची टेप लावून तिच्यावर वाजवलं. ड्रमर कीथ मून त्यासाठी हेडफोन घालायचा. टेप कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे जगातल्या सर्वांत बेलगाम ड्रमरला त्या गाण्यापुरतं घड्याळाच्या मागे चालावं लागायचं. आजचे बरेच बँड तर संपूर्ण कार्यक्रम क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक टिकटिकीवर, वाजवतात, कारण दिवे, पडद्यावरची दृश्यं आणि आधीच रेकॉर्ड केलेले मागचे ट्रॅक सगळे त्यालाच बांधलेले असतात. माझी रेघ इथे आहे: तंतुवाद्यांचा ताफा, घंटा, असल्या गोष्टी ट्रॅकवर असल्या तर ठीक. मुख्य गायकाचा आवाज ट्रॅकवर असेल आणि तो नुसते ओठ हलवत असेल, तर तिकिटाचे पैसे कशाचे घेतले ते सांगावं.

आता उलट बाजू, म्हणजे लाइव्ह आवृत्ती सरस का ठरते. याचं कारण अगदी साधं आहे, पण फारसं कोणी सांगत नाही. अल्बमसाठी गाणं रेकॉर्ड होतं तेव्हा ते बहुधा काही आठवड्यांचं असतं. वाजवणाऱ्यांनाच ते नीट माहीत नसतं. दौऱ्यात ते रात्रीमागून रात्री वाजतं, कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबलं की लोक उसळतात, हे कळत जातं. चीप ट्रिकचं ‘आय वॉन्ट यू टू वॉन्ट मी’ १९७७ मध्ये स्टुडिओतून हलकंफुलकं, जरा लाडिक होऊन बाहेर पडलं आणि अमेरिकेत कोणी विचारलं नाही. १९७८ च्या एप्रिलमध्ये जपानमध्ये तेच त्यांनी जलद आणि दणकट वाजवलं. ते रेकॉर्डिंग मुळात फक्त जपानच्या बाजारासाठी होतं, पण १९७९ मध्ये अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत चढलं. गाणं तेच, शब्द तेच. पीटर फ्रॅम्प्टनच्या १९७६ च्या लाइव्ह अल्बमचीही कथा याच वळणाची.

पिंक फ्लॉइडने तर क्रमच उलटा केला. ‘डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ च्या मार्चमध्ये बाजारात आला, पण ती गाणी ते १९७२ च्या जानेवारीपासून स्टेजवर वाजवत होते. (ब्रायटनमधला पहिलाच प्रयोग यंत्रणेतल्या बिघाडाने अर्ध्यावर सोडावा लागला.) ‘ऑन द रन’च्या जागी सुरुवातीला गिटार आणि कीबोर्डचा एक लांबलचक तुकडा होता. स्टुडिओत गेल्यावर त्यांनी तो काढून तिथे सिंथेसायझरचा धावता आकृतिबंध बसवला. म्हणजे स्टेजने गाणी पिकवली आणि स्टुडिओने त्यांतलं कमअस्सल काढून टाकलं. दोन्हीचा असा उपयोग करून घेणारे बँड फार थोडे.

डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ मी नव्या मुलांना मुद्दाम ऐकायला लावतो. ऑगस्ट १९७२ मधल्या ओसाका आणि टोकियोच्या तीन रात्री, आठ ट्रॅकची टेप, इंजिनिअर मार्टिन बर्च. ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे, इथे जवळजवळ वीस. लांबी हा गुण नव्हे. नुसतं पाणी घालून वाढवलेले वीस-वीस मिनिटांचे तुकडे त्या काळात ढिगाने झाले. इथे ऐकायचं ते हे की एकाने काही फेकलं तर दुसरा ते किती लवकर उचलतो. कीबोर्डने एक तुकडा टाकला की पुढच्याच आवर्तनात ड्रमरने तो पकडलेला असतो. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे ट्रॅक भरून असं उत्तर-प्रत्युत्तर बनवता येत नाही.

राहिला प्रश्न लाइव्ह अल्बमच्या खरेपणाचा. इथे जरा खोलात जातो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

स्टेजवरच्या प्रत्येक माइकची तार स्प्लिटरमध्ये जाते आणि तिथून तिला फाटे फुटतात: एक प्रेक्षकांच्या मिक्सरकडे, एक मॉनिटरच्या मिक्सरकडे, एक रेकॉर्डिंगकडे. म्हणजे लाइव्ह अल्बममध्ये तुम्ही सभागृहात जे ऐकलं ते नसतंच. तो नंतर शांत खोलीत बसून केलेला नवा मिक्स असतो. प्रेक्षकांचा आवाज वेगळ्या माइकवर असतो, आणि तो किती आणि कुठे उघडायचा हेही हातानेच ठरतं. हे माइक तीस मीटर मागे असतील तर त्यांच्यातला ठोका नव्वदेक मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणून तो ट्रॅक पुढे ओढून जुळवावा लागतो.

मग चूक दुरुस्त करायची म्हटली तर किती करता येते? त्याचं उत्तर लीकेजमध्ये आहे, म्हणजे एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज किती शिरतो यात. गायकाचा माइक ड्रमच्या दिशेने तोंड करून असतो. गायक तोंड चिकटवून गात असतो तोपर्यंत त्याचाच आवाज वरचढ असतो. तो तीन सेंटिमीटरवरून तीस सेंटिमीटरवर सरकला की माइकमधला त्याचा आवाज सुमारे वीस डेसिबलने पडतो. सिंबल, म्हणजे ड्रमसेटमधली झांज, मात्र आहे तिथेच असते, आणि गायकाच्या ट्रॅकवर आता तीच जोरात ऐकू येते. या ट्रॅकवरची एक बेसूर ओळ काढून तिथे स्टुडिओत गायलेली स्वच्छ ओळ बसवली, तर तेवढ्यापुरतं ड्रमचंही रूप बदलतं. सिंबलची झाक जाते, जागा एकदम आकुंचन पावते, ओळ संपली की परत पसरते. हेडफोनवर लक्ष देऊन ऐका, सांधे सापडतात. गिटार आणि बास बदलणं त्या मानाने सोपं, कारण अँपला चिकटलेल्या माइकमध्ये दुसरं फारसं काही शिरत नाही, आणि बास तर बऱ्याचदा थेट तारेतूनच घेतलेला असतो.

तर दुरुस्त्या होतात, आणि राजरोस होतात. किसच्या १९७५ च्या ‘अलाइव्ह’मध्ये नंतर स्टुडिओत काम झालं हे त्या बँडनेच पुढे मान्य केलं. थिन लिझीच्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’बद्दलचा वाद कधी मिटलाच नाही: निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणत आला की बराचसा भाग स्टुडिओत पुन्हा वाजवला, बँडच्या बाजूने ते नाकारलं गेलं. नील यंगने १९७९ च्या ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’मध्ये वेगळाच खेळ केला. बरीच गाणी कार्यक्रमात रेकॉर्ड केली आणि प्रेक्षकांचा आवाज जमेल तितका पुसून टाकला.

दुसऱ्या टोकाला द हूचा ‘लाइव्ह ॲट लीड्स’. १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेलं रेकॉर्डिंग. टेपवर मधूनमधून कडकड असा आवाज आला होता. तो काढत बसण्याऐवजी तबकडीच्या लेबलवरच लिहून टाकलं की कडकड आहे ती असू द्या, दुरुस्त करू नका. दुसऱ्या रात्री हल शहरात झालेल्या कार्यक्रमाचंही रेकॉर्डिंग होतं, पण सुरुवातीच्या काही गाण्यांत बास टेपवर उतरलाच नव्हता. चाळीस वर्षांनी हलची टेप प्रसिद्ध करताना त्या गाण्यांना लीड्सच्या रात्रीचा बास लावला. क्लिक नाही, हेडफोन नाहीत, आणि एका रात्रीचा बास दुसऱ्या रात्रीच्या ड्रमवर बसवता येतो. बेफाम वाजवतात म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या बँडची घडी आतून किती पक्की होती ते यावरून कळावं. मला विचाराल तर दुरुस्ती झाली की नाही याला मी फार महत्त्व देत नाही. एखादा तुटलेला सूर बदलला तर बदलला. मात्र ड्रम आणि बास त्या रात्रीचे असावेत, एकत्र वाजलेले असावेत. ते बदलले की उरतात त्या स्टुडिओत भरलेल्या टाळ्या.

बँड कच्चा आहे का हे ओळखायचंच असेल तर मिक्सरच्या जवळपास उभे राहा. इंजिनिअर तिथल्या आवाजावरून तोल ठरवतो, त्यामुळे स्टेजच्या कोपऱ्यात किंवा बाल्कनीखाली गढूळ वाटलेलं तिथे बऱ्याचदा उलगडतं. सूर, पट्टी, बासची घरघर हे सगळं थोडा वेळ बाजूला ठेवा. एका कडव्यातून दुसऱ्यात जाताना किक आणि बास एकत्र पडतात का ते ऐका. गाणं एकदम थांबतं तिथे सगळे एकदम थांबतात का? कोणाची तार तुटली किंवा माइक गेला तर बाकीचे त्याला किती सहज सांभाळून घेतात? या गोष्टी सभागृह बिघडवू शकत नाही आणि मीही सुधारू शकत नाही.

जाताना कानात प्लग घाला. फोमचे बोळे वरचे सूर जास्त दाबतात आणि सगळं आणखी गढूळ होतं. संगीतासाठी बनवलेले, सगळे सूर जवळपास सारखे कमी करणारे मिळतात ते घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, आणि रॉकच्या कार्यक्रमात ती ओलांडली जाणं नवलाचं नाही. प्लग घातल्यावर शब्दही जास्त स्पष्ट कळतात, कारण अति मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळ घालायला लागतो.